अंगणातले चेहरे

४ नोव्हेंबर

ताई,

तुम्ही मला ओळखत नाही. तुमच्या धाकट्या भावाची मी बायको. लग्नाला तुम्ही आला नाहीत, पण चादरींचं पार्सल पाठवलंत. त्या पार्सलचा कागद चांगला जाड होता म्हणून मी तो कपाटाच्या खणात अंथरला होता. काल खण आवरताना कागद उलटला आणि मागच्या बाजूला तुमचा पत्ता दिसला. ह्यांच्याकडे तुमचा फोन नंबर आहे, पण मागितला की म्हणतात, "कशाला उगाच?" म्हणून पत्र लिहितेय.

घाबरू नका, बाबा बरे आहेत. जेवण व्यवस्थित आहे, चालणं व्यवस्थित आहे, माझी चेष्टा तर रोज व्यवस्थित आहे. मी लाँड्रीत कपडे उसवून घट्ट-सैल करून द्यायचं काम करते, काही शिवायला घरीही आणते. तोंडात टाचण्या धरून शिवायची सवय, म्हणून बाबांनी माझं नाव 'टाचणी' ठेवलंय. पाहुण्यांसमोरही तेच. मला आता खऱ्या नावाने हाक मारली तर मी वळूनही बघायची नाही.

लिहायचं कारण म्हणजे अंगणातली सजावट. या घरात नाताळ डिसेंबरात येत नाही, दिवस लहान व्हायला लागले की करवतीचा आवाज सुरू होतो, हे मला लग्नाआधी कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षी मला वाटलं, घरात सुतारकाम काढलंय. मग एकेक बाहेर यायला लागलं. पत्र्याच्या डब्यांना खिळ्याने भोकं पाडून केलेले कंदील, छत्रीच्या काड्यांची चांदणी, आणि माणसाच्या उंचीचे ते प्लायवूडचे राजे, मेंढपाळ, देवदूत, बाळ आणि बाळाची आई. विकतचं काही अंगणात यायचं नाही आणि दरवर्षी एक तरी नवीन हवं, हा तुमच्या आजोबांपासूनचा नियम बाबांनी मला दाराशीच ऐकवला. मी म्हटलं, "बाबा, यंदाचं नवीन मीच." ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

तर यंदा शेडचं छप्पर गळलं आणि फळ्या भिजल्या. तुम्ही काढलेले चेहरे खराब झाले होते, म्हणून बाबांनी ते पॉलिशपेपरने घासून काढले आणि आता परत रंगवणार आहेत. तुमच्या चेहऱ्यांना जो एक उबदार रंग होता तो तुम्ही कशात काय मिसळून करत होता, एवढंच विचारायचं होतं. बाबांना विचारलं तर म्हणतात, "ते तिचं खातं. मी कपडे रंगवायचो, ती चेहरे."

उत्तर पाठवलंत तर बरं होईल. पोस्टाचं पाकीट सोबत ठेवलंय.

तुमची भावजय


१७ नोव्हेंबर

ताई,

तुमचं उत्तर आलं नाही. कामात असाल.

रंगाचं राहू द्या. बाबांनी चेहरे रंगवले.

कसं सांगू तेच कळत नाही. बाबांनी आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, हे तुम्हाला मी काय सांगणार. या रस्त्यावरच्या निम्म्या पाट्या अजून त्यांच्याच हातच्या आहेत. औषधांच्या दुकानाची पाटी बघून मी नेहमी म्हणते, छापल्यासारखी अक्षरं. त्याच हाताने यंदा राजांचे झगे रंगवले, आणि झगे असे झालेत की चुणीत बोट घालावंसं वाटतं. मी शिवणारी बाई आहे, मला कापडाची घडी कळते. आणि त्या झग्यांच्या वर जे आहे ते...

पहिल्या राजाचा एक डोळा कपाळावर आहे, दुसरा कानापाशी. मधल्या राजाला तोंड दोनदा आलंय. बाळाच्या आईच्या चेहऱ्यावर नाकाच्या जागी काहीच नाही, आणि गालाच्या कडेला एकावर एक अशा तीन भुवया. बाळाचं मी लिहीत नाही.

बाबा ब्रश पुसत होते. मान जरा तिरकी करून फळीकडे बघत म्हणाले, "बोल टाचणी, कसे झालेत?"

मला आधी वाटलं, चेष्टा करताहेत. त्यांच्या तोंडाकडे बघितलं. चेष्टा नव्हती.

"छान झालेत, बाबा."

"आईचा जमला का? आई अवघड असते."

"जमला."

घरात येऊन मी ह्यांना फोन लावला. हे शीतगृहाच्या ट्रकवर असतात, आठवड्यातले चार दिवस बाहेरच. म्हणाले, "अगं, वय झालं. हात थरथरत असेल." मी म्हटलं, हात थरथरत नाही, झग्याच्या किनारी बघा येऊन. तर म्हणाले, "मग चालू दे ना. त्यांना तेवढंच आहे."

चालू दे. ठीक आहे. पण अंगण रस्त्यावर आहे, ताई.


२६ नोव्हेंबर

ताई,

आज बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. सरळ सांगितलं असतं तर आले नसते. मी म्हटलं, माझे डोळे दुखताहेत, सोबत चला. तिथे गेल्यावर म्हटलं, आलोच आहोत तर तुमचेही दाखवू. त्यांना माझा डाव कळला, पण लोकांसमोर काही बोलले नाहीत.

डॉक्टर बाई तरुण होत्या, पण घाई करणाऱ्या नव्हत्या. मला बाहेर बोलावून समजावलं. बाबांच्या दोन्ही डोळ्यांचं मधलं दिसणं गेलंय. कडेचं शाबूत आहे. म्हणून ते न धडपडता चालतात, दार, खुर्ची, पायरी सगळं दिसतं. पण ज्याच्याकडे सरळ बघावं नेमकं तेच पुसलेलं असतं. "माणूस समोर उभा राहिला तर झगा दिसेल, चेहरा दिसणार नाही," त्या म्हणाल्या. त्यांना आमच्या अंगणाचं काही माहीत नव्हतं. त्यांनी आपलं उदाहरण म्हणून सांगितलं.

मी विचारलं, चष्मा? नाही. ऑपरेशन? नाही. "दोन-तीन वर्षांपूर्वी आला असता तरी थांबवता आलं असतं असं मी सांगू शकत नाही," म्हणाल्या. माझ्या मनाला लागू नये म्हणून म्हणाल्या असतील.

बसमध्ये बाबा खिडकीशी बसले. म्हणाले, "पोरगी हुशार वाटली. पण नवीन आहे."

"काय सांगितलं तुम्हाला?"

"वय झालं म्हणाली. ते मला फुकटात माहीत होतं."

आता एक गोष्ट सांगते, जी पहिल्या पत्रात मी वेगळी लिहिली होती. शेडचं छप्पर गळलं ते खरं. फळ्यांच्या खालच्या कडा फुगल्या, तेही खरं. पण तुमचे चेहरे खराब झाले नव्हते. एकालाही काही झालं नव्हतं. बाबांनी राजाची फळी उजेडात आणली, सरळ उभी केली, तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "टाचणी, चेहरा उडाला गं याचा." मग दुसरी आणली. "याचाही उडाला." मी वाळत घातलेले कपडे काढत होते. मला तिथून चेहरा दिसत होता. मला वाटलं, पेंटर माणूस आहे, त्यांना रंगातलं काही कळत असेल जे मला कळत नाही. मी म्हटलं, "हो का?" आणि त्यांनी पॉलिशपेपर मागितला तर तो मीच आणून दिला. फळीही मीच धरली. बारीक गुलाबी भुकटी माझ्या बाहीवर पडत होती.

त्या चेहऱ्यांना तुम्ही किती वर्षं दिली असतील ते मला ठाऊक नाही. मला विचारायचं सुचलं नाही. आज बसमध्ये सगळं एकदम लक्षात आलं आणि मला उतरावंसं वाटलं.

तुम्ही घर का सोडलं ते मला ह्यांनी सांगितलंय. तुमच्या आईंना दवाखान्यातून नाताळाला घरी आणायचं ठरलं होतं आणि आणायच्या आदल्या दिवशी त्या गेल्या, आणि तुम्ही तिथून धावत आलात तर बाबा शिडीवर उभे राहून चांदणी बांधत होते. तुम्ही खालून सांगितलं आणि ते म्हणाले, "एवढी गाठ मारून येतो." मी तिथे नव्हते, त्यामुळे मी त्यावर काही बोलणार नाही. ह्यांचंही काही मत नाही, ह्यांना मत नसण्याचीच सवय आहे. पण बाबांना मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "गाठ सोडली असती तर चांदणी पोरीच्या डोक्यावर पडली असती."

हे मी त्यांची बाजू घ्यायला लिहीत नाही. मला कोणाचीच बाजू घेता येत नाही.


८ डिसेंबर

ताई,

फळ्या रविवारी अंगणात उभ्या राहिल्या. मी थांबवायचा प्रयत्न केला नाही असं समजू नका. म्हटलं, यंदा थंडी आहे, नुसते कंदील लावू. म्हटलं, कुंपण दुरुस्त करायचंय. शेवटी म्हटलं, "बाबा, यंदा राजे मागच्या बाजूला ठेवू या का?" ते म्हणाले, "मागच्या बाजूला कोण येतं? मांजर?"

पहिले दोन दिवस शेजारचे लोक येता-जाता थबकायचे आणि माझ्याकडे बघायचे. औषधांच्या दुकानातल्या बाई हळूच म्हणाल्या, "बाबांची तब्येत बरी आहे ना?" मी त्यांना खरं सांगितलं. त्यांनी माझा हात धरला आणि त्यानंतर दुकानात आलेल्या कोणालाही त्यांनी हसू दिलं नाही. पण दुकानाबाहेर त्यांचं काय चालणार?

कोणीतरी व्हिडिओ काढला. मागे भयपटातलं संगीत घातलं आणि 'भुतांचा नाताळ' असं नाव दिलं. लाँड्रीतल्या मुलीने मला तो दाखवला, तिला माहीत नव्हतं हे आमचं घर. म्हणाली, "बघ गं, हसून हसून मरशील."

आता संध्याकाळी दिवे लागले की गर्दी होते. कधी नव्हती इतकी. शहराच्या त्या टोकाहून गाड्या येतात. लोक राजांच्या शेजारी उभे राहतात, आपलीही तोंडं वेडीवाकडी करतात आणि फोटो काढतात. आणि बाबा दारात खुर्ची टाकून बसतात, स्वच्छ सदरा घालून. त्यांना ती तोंडं दिसत नाहीत. त्यांना गर्दी दिसते, रंगीत कोट दिसतात, हसणं ऐकू येतं.

"टाचणी, लोक खूश आहेत गं."

काल एकाने विचारलं, "आजोबा, हे डोक्यात कसं येतं तुमच्या?" मागे त्याचे मित्र तोंडावर हात धरून उभे. बाबा उठले आणि त्याला पहिल्यापासून समजावायला लागले. प्लायवूड कसं निवडायचं, रंगाआधी अस्तराचा हात किती पातळ द्यायचा, आजोबांनी बिस्किटाच्या डब्याची पहिली चांदणी कशी केली. तो मुलगा आधी हसत होता, मग त्याला हसता येईना आणि जाताही येईना. शेवटी म्हणाला, "थँक यू, आजोबा," आणि मान खाली घालून गेला. त्याला कळलं असावं. पण एकाला कळून काय होतं? मागून वीस जण येतात.

एक लहान मुलगी बाळाच्या फळीपाशी आली आणि किंचाळून रडायला लागली. बाबा म्हणाले, "का रडतंय लेकरू?" तिच्या आईने माझ्याकडे बघितलं. मी हात जोडल्यासारखं केलं. ती म्हणाली, "झोप आलीय तिला."

ताई, एक दिवस या. बाबांशी बोलू नका हवं तर. मी त्यांना बाहेर नेईन, तुम्ही येऊन चेहरे काढा आणि जा. गाडीभाडं मी देईन. याहून जास्त मला काही सुचत नाही. सांगावं तर त्यांचं हसू जातं, न सांगावं तर लोकांचं हसू थांबत नाही.


१५ डिसेंबर

ताई,

तुमची वाट बघितली. प्रत्येक बसकडे बघितलं, आणि मला तर तुम्ही दिसता कशा हेही नीट माहीत नाही. भिंतीवरच्या फोटोत तुम्ही शाळेच्या गणवेशात आहात.

काल हे बाबांना मोठ्या दवाखान्यात दाखवायला घेऊन गेले, दुसऱ्या शहरात. निघायच्या आधी मी ह्यांना म्हटलं, "मी चेहरे बदलणार आहे."

"तुला येतं?"

"नाही."

"मग?"

"मग काय? तुम्ही काढता का?"

जाताना म्हणाले, "बाबांना कळलं तर मला काही माहीत नव्हतं."

मी लाँड्रीत सुट्टी टाकली आणि सकाळपासून बसले. आधी सगळं घासलं. मग कापडावर आखतात तसं खडूने फळीवर आखलं. मध्यरेषा, डोळ्यांची पातळी, नाक किती, हनुवटी किती. माणसाचा चेहरा मला फक्त असाच कळतो, मापाने. औषधवाल्या बाई दुकान नोकराच्या स्वाधीन करून आल्या आणि समोर स्टुलावर बसल्या, "माझ्याकडे बघ आणि काढ" म्हणाल्या. म्हणून आईचा चेहरा थोडा त्यांच्यावर गेलाय. मेंढपाळ पोस्टमनसारखा झाला. राजे कोणासारखेच नाहीत. पण डोळे जागेवर आहेत, तोंड एकच आहे. तुमचा तो उबदार रंग मला सापडला नाही. सगळ्यांचे गाल जरा आजारी माणसासारखे पिवळट आहेत.

संध्याकाळी दिवे लावले. गाड्या आल्या. लोक उतरले, बघितलं, परत एकदा फोनमध्ये बघितलं.

"हे ते घर नाही रे."

"तेच आहे, चांदणी तीच आहे."

"मग भुतं कुठायत?"

आणि निघून गेले. मला इतकं बरं वाटलं की मी दारातच बसून रडले.

बाबा आज दुपारी परत आले. मोठ्या दवाखान्यानेही तेच सांगितलं.


२० डिसेंबर

ताई,

मी जे केलं ते चांगलं केलं की नाही, मला कळत नाही.

आता कोणी येत नाही. बाबा स्वच्छ सदरा घालून खुर्चीत बसतात. रस्त्यावरून जाणारे जातात. गाडीचा आवाज आला की बाबा सावरून बसतात, गाडी पुढे जाते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "लोक लवकर कंटाळतात हल्ली." चौथ्या दिवशी म्हणाले, "दिवे नीट लागलेत ना?" काल जेवले नाहीत. म्हणाले, "काहीतरी कमी पडलं यंदा माझ्या हातून."

सगळं आयुष्य पाट्या रंगवणाऱ्या माणसाला कोणी थांबून बघत नाही याचा अर्थ लगेच कळतो, ताई. गर्दी खोटी होती, पण त्यांच्यापुरती खरी होती. ती मी काढून घेतली.

आज सकाळी मी अंगण झाडत होते. बाबा आले आणि मधल्या राजासमोर उभे राहिले. तळहाताने झगा चाचपला, मग वर गेले. गळा, हनुवटी. हात थांबला. परत फिरवला. मग बोटं नाकाशी नेली. त्यांना डोळ्यांनी दिसत नसेल, पण ऑइलपेंटचा वास त्यांच्याइतका कोणाला कळणार?

"हा माझा हात नाही," म्हणाले.

मी झाडत राहिले.

त्यांनी मान पूर्ण बाजूला वळवली, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून एका फळीकडे, मग दुसरीकडे असं बघत गेले. सगळ्या फळ्या झाल्या. माझ्याकडे वळले तेव्हा त्यांचे ओठ हलत होते.

"ती आली होती?"

ताई, त्या क्षणी मी "नाही, मी केलं" म्हणायला हवं होतं. जिभेवर होतं. पण मग का केलं तेही सांगावं लागलं असतं. बाबा, तुमचे राजे बघून पोरं किंचाळत होती, ती गर्दी हसायला येत होती, आणि तुमच्या मुलीचे चांगले चेहरे तुम्ही स्वतःच्या हाताने घासून काढलेत, असं सगळं एकामागोमाग बाहेर आलं असतं. मी म्हटलं, "चहा ठेवते."

"मी दवाखान्यात गेलो होतो तेव्हा आली. हो ना? मला न भेटता गेली." आणि हसले. "तशीच आहे अजून. काम करील, पण बोलायची नाही."

मी आत गेले आणि खरंच चहा ठेवला. बाहेर येईपर्यंत ते औषधांच्या दुकानात जाऊन सांगून आले होते. त्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी बाबांना नुसतं "हो का?" म्हटलं होतं.

दुपारी बाबा दोन वेळचं जेवले.


२७ डिसेंबर

ताई,

नाताळ झाला.

बाबांनी आदल्या दिवशी दाढी केली, मला केस कापायला लावले आणि सकाळपासून फाटकाशी उभे राहिले. म्हणाले, "चेहरे काढून गेली म्हणजे राग गेला. आता येईल." मी म्हटलं, "बाबा, थंडी आहे, आत बसा." तर म्हणाले, "आत बसलो की मी नाही असं समजून परत जाईल." ह्यांना मी खुणावलं, तुम्ही तरी बोला. हे गेले आणि त्यांच्या शेजारी उभे राहिले. थोड्या वेळाने मी बघितलं तर दोघंही रस्त्याकडे बघत उभे. हेही वाट बघायला लागले होते, ताई. ह्यांना सगळं माहीत असून!

फाटकापाशी येणाऱ्या प्रत्येक बाईच्या कोटाकडे बाबा मान तिरकी करून बघत होते. दोघींना "आलीस?" म्हणाले. एक दूधवाल्याची बायको होती, एक प्रार्थनेहून परतणारी अनोळखी बाई. ती बाई चांगली. "आले, आजोबा," म्हणाली आणि मग घाबरून माझ्याकडे बघितलं. मी पुढे होऊन तिला वाटेला लावलं. बाबांनी विचारलं, "ती नव्हती ना?" मी म्हटलं, "नव्हती."

पाचवी खुर्ची मांडून जेवलो. चौथी माझ्या शिवणाच्या कपड्यांनी भरलेली असते, तीही बाबांनी रिकामी करायला लावली. म्हणाले, "कोणी सोबत आलं असेल तर."

मी तुम्हाला बोल लावत नाही. तुम्हाला माझी पत्रं मिळताहेत की नाही हेही मला माहीत नाही. पत्ता चार वर्षांपूर्वीचा आहे. कदाचित तिथे कोणी दुसरंच राहत असेल आणि कोणाच्या तरी घरातली ही हकिकत वाचून हळहळत असेल. तसं असेल तर, जे कोणी असाल ते, निदान एक ओळ लिहा की ताई इथे राहत नाहीत. मग मी थांबेन.


९ जानेवारी

ताई,

म्हणजे पत्रं मिळत होती.

नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी फोन वाजला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. बाबांनी उचलला. "हॅलो" म्हणाले आणि मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, रॉंग नंबर. मग ऐकलं.

"ओळखलं... हो. हो... बघितले. सगळे बघितले... अगं, मधल्याचं नाक छान काढलंस. आईचा चेहरा... कोणावर गेलाय? मला वाटलंच. पण भेटली का नाहीस?" मग ऐकत राहिले. "घाईत. बरं, बरं. घाईत असतात माणसं... नाही, मी कशाला रागावू? मी का रागावू?"

तुम्ही हो म्हणालात. तुम्ही माझं खोटं स्वतःवर घेतलंत.

बाबांनी फोन माझ्याकडे दिला, "बोल, तुझी नणंद." तुमचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. तो बराचसा ह्यांच्यासारखा आहे, पण खालचा. तुम्ही म्हणालात, "मला त्या अंगणात पाय ठेवता येत नाही. मी तीनदा तिकीट काढलं. खोटं बोलले, तेवढंच मला जमलं." बाबा शेजारी उभे होते म्हणून मी नुसतं "हो, हो" करत राहिले. तुम्हाला वाटलं असेल, ही बाई किती कोरडी. मला विचारायचं होतं की मी आता काय करू. मला सांगायचं होतं की फोनवरून हो म्हणणं सोपं आहे, इथे रोज त्या चेहऱ्यांसमोरून जावं लागतं. आणि तुमचे आभारही मानायचे होते. यातलं काहीच झालं नाही. तुम्ही "ठेवते" म्हणालात.

तेव्हापासून बाबा निराळेच झालेत. सजावट काढून ठेवायच्या आधीच पुढच्या वर्षीचं काम काढलंय. मोठं करायचं म्हणतात, आख्खी वरात, मागे गावचे लोक, बायका, पोरं. फोनच्या दुसऱ्याच दिवशी प्लायवूड आलं. करवत चालवताना ते रेषेकडे बघत नाहीत, मान बाजूला करून बोटाने रेषा चाचपत जातात, आणि मी फळी धरते. झगे, शाली, हातातल्या परड्या, सगळं तेच रंगवणार आहेत. गळ्यापर्यंत. त्याच्या वर पांढरं अस्तर देऊन मोकळं सोडायचं. "ते तिचं खातं," म्हणतात.

आज सकाळपर्यंत अशी बरीच माणसं तयार होऊन व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी आहेत. अंगावर एवढे सुंदर कपडे, आणि वर काही नाही. मला रोज त्यांच्या मधून मशीनपाशी जावं लागतं.

मी बाबांना म्हटलं, "बाबा, आणि समजा त्यांना नाही जमलं यायला?"

"येईल. मी नसतानाच येईल, पण येईल. माझ्यासमोर नको असेल तर मी त्या दिवशी बाहेर जाईन. तू फक्त तिला रंग काढून दे."

मी नुसती रंगाच्या डब्याचं झाकण लावत राहिले. त्यांना वाटलं, मला वाईट वाटलं. त्यांनी ब्रश खाली ठेवला, खांदा शोधून माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि अगदी मायेने म्हणाले, "ती आली की तू शेजारी बसून नीट बघत जा, टाचणी. हळूहळू तुलाही जमेल."

मी म्हटलं, "बरं, बाबा."

तुमची भावजय